उगम : पुंतोनी

मोरांदो पुंतोनी मेला ही बातमी नेदो बारसाक्कीला भिंतीने दिली. पिसाच्या दक्षिणेकडच्या वस्तीत, लापोच्या कॉफीच्या दुकानाला लागून जी भिंत आहे तिच्यावर मेलेल्यांचे काळ्या चौकटीचे कागद डकवतात, आणि नेदो ते रोज सकाळी साडेआठला न चुकता वाचायचा. भक्तिभावाने नव्हे, लोक फुटबॉलचे निकाल बघतात तसा, कोण गळालं आणि कोण उरलं एवढ्यापुरता. आजच्या गुरुवारी पाच कागद होते. पहिल्या चारांत ओळखीचं कोणी निघालं नाही, तेव्हा तो जरा हिरमुसला. पाचव्यावर लिहिलं होतं : मोरांदो पुंतोनी, राहणार फोसालुंगा, वय वर्षं ऐंशी, तीन ऑक्टोबरला आम्हाला सोडून गेले, त्यांच्या तिसाव्या दिवसाची प्रार्थना येत्या रविवारी. खाली बायकोचं नाव, आर्जा. फोटोतला मोरांदो कोणाच्या तरी लग्नातल्या कोटात होता आणि हसत होता. हे हसणं नेदोने एकोणीस वर्षांत शेकडो वेळा पाहिलं होतं, पण दुर्बिणीतून. इतक्या जवळून पहिल्यांदाच. त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं, घट्ट बसलेली नाडीची गाठ आपोआप सुटावी तसं. मेला. अखेर मेला. चेहऱ्यावर काही उमटलं असेल तर ते दिसू नये म्हणून त्याने चष्मा काढून पुसला, मग आत जाऊन कॉफीबरोबर एक गोड पाव मागितला. गोड पाव त्याने सहा वर्षांपूर्वी, रक्त तपासल्यापासून सोडला होता.

"आज पाव? काही विशेष, डॉक्टर?" लापोने विचारलं. लापो प्रत्येक चष्मेवाल्याला डॉक्टर म्हणत असे. नेदोचं शिक्षण तंत्रशाळेच्या पदविकेवर संपलेलं, पण ही चूक त्याने बावीस वर्षांत कधी सुधारली नव्हती. इतरांच्या चुका सुधारणं हा त्याचा पेशा होता, स्वतःच्या फायद्याच्या चुका त्यात येत नसत.

"तो पाचवा कागद. पुंतोनी. तो फोसालुंगाचा, इथल्या भिंतीवर कसा आला?"

"आर्जाबाईंचा नवरा ना? बाईंचं माहेर इथलं, देवळामागच्या गल्लीतलं. म्हणून तिसावा इथे ठेवलाय. पुरला तिकडे गावात, महिना होत आला. तुमच्या ओळखीचे होते का?"

"कामानिमित्त."

"भला माणूस होता म्हणतात."

"मेल्यावर सगळेच सुधारतात," नेदो म्हणाला आणि पावाचा मोठा लचका तोडला. तो लचका तोंडात असतानाच त्याच्या डोक्यात दुसरा हिशेब सुरू झाला, तारखांचा, आणि पाव एकदम भिजल्या पुठ्ठ्यासारखा लागायला लागला. तीन ऑक्टोबर. मोरांदो तीन ऑक्टोबरला मेला. सोळा ऑक्टोबरला, गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मोरांदोने नांगर आपटला होता. नेदोने स्वतःच्या हाताने तसं लिहिलं होतं.

नेदोचं काम नेमकं काय हे लग्नाच्या सतरा वर्षांत त्याला बायकोला समजावता आलं नव्हतं, आणि ती त्याला सोडून गेली तेव्हा म्हणाली होती की मला ते पहिल्या वर्षीच समजलं होतं, म्हणूनच तर. शहराबाहेरच्या सपाट शेतांत, काही किलोमीटर लांबीचे दोन हात काटकोनात पसरून वेधयंत्र पडलेलं आहे. हातांत निर्वात नळ्या, नळ्यांत लेसरचा किरण, टोकांना टांगलेले आरसे. फार दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांत विरघळली की अवकाशालाच शहारा येतो. तो शहारा अब्जावधी वर्षांनी इथवर पोचतो आणि आरसे हलतात, अणूच्या गाभ्याच्या हजाराव्या हिश्शाएवढे. इतक्या नाजूक कानाला अर्थातच बाकीचंही सगळं ऐकू येतं. पलीकडचा समुद्र, उतरणारं विमान, पुलावरचा ट्रक, वारा, पंप, उंदीर. अवकाशाची हाक आठवड्यातून एखादी. खुट्ट मात्र तासाला पन्नास. शास्त्रज्ञ हाकेची वाट बघत बसत. नेदो खुट्टांचा माणूस होता. खुट्ट झालं की ते कोणाचं हे शोधायचं, आणि यादीतल्या 'उगम' नावाच्या रकान्यात नाव लिहायचं : ट्रक, लाट, पंप. नाव पडलं की खुट्ट मेलं, पुन्हा त्याच्याकडे कोणी बघायचं नाही. तरुण पोरं पाठीमागे त्याला थडगेवाला म्हणत. एकदा त्याने ते ऐकलं, आणि बढती मिळाल्यासारखा आठवडाभर खुशीत होता.

मोरांदो म्हणजे पश्चिमेच्या हाताशेजारचं शेत. नळी आली तशी त्याच्या जमिनीचे दोन तुकडे झाले आणि स्वतःच्याच पलीकडच्या तुकड्यात जायला त्याला चार किलोमीटरचा वळसा पडायला लागला. वेध चालू असताना जड यंत्र वापरायचं नाही, वापरायचं तर आधी फोन करायचा, असं त्याच्याकडून लिहून घेतलं होतं. मोरांदोने सही केली आणि दुसऱ्या दिवसापासून नांगर आपटायला सुरुवात केली. ट्रॅक्टरचा लोखंडी नांगर कंबरभर उचलायचा आणि नळीलगतच्या सिमेंटच्या ओट्यावर सोडायचा. एकच धप्प, बहुधा गुरुवारी सकाळी. कामाचं काही नाही, निव्वळ वळशाचा सूड. नेदो जाब विचारायला गेला तेव्हा मोरांदोने त्याला फाटकातच अडवलं होतं. मोरांदो जन्माने लिव्होर्नोचा, आणि लिव्होर्नोवाले पिसावाल्यांबद्दल जी म्हण गेली कित्येक शतकं वापरतात ती त्याने शिळी भाकरी फेकावी तशी फेकली होती : "घरात मढं परवडलं, पण दारात पिसाचा माणूस नको." नेदोनेही परंपरेचं ठरलेलं उत्तर दिलं होतं : "देव तुझी इच्छा पुरी करो." एवढंच त्यांचं समोरासमोरचं संभाषण. पुढची एकोणीस वर्षं ते दोघे फक्त एकमेकांना ऐकत होते.

पहिली काही वर्षं नेदोने त्याला रीतसर पकडलं. रस्त्यावर उभं राहायचं, दुर्बीण, घड्याळ, वही. नांगर पडला की वेळ टिपायची. परत येऊन आलेखावर बघायचं. तिथे असायचा एक थेंब, खाली रुंद, वर निमुळता, सेकंदाच्या दहाव्या हिश्शाचा. वाईट गोष्ट अशी, की फार जड कृष्णविवरांची जी हाक असते तिचाही थेंब हुबेहूब तसाच. त्यामुळे नेदोचा शब्द मोलाचा झाला. हळूहळू त्याला आलेखावर नुसती नजर टाकून कळायला लागलं, हा मोरांदो. जमिनीचा कंप मोजणाऱ्या पेट्या काही सांगोत न सांगोत. तरी अधूनमधून गुरुवारी तो दुर्बीण घेऊन रस्त्यावर उभा राहायचाच. 'पेटी बहिरी आहे, मी नाही,' असं तो बैठकीत म्हणायचा. नियमाप्रमाणे पेटीच्या साक्षीशिवाय कुठलंही खुट्ट मारता येत नसे. पण नियमांच्या शेवटी एक पळवाट होती, 'अनुभवी कर्मचाऱ्याचं मत', आणि सगळ्या संस्थेत तो अधिकार एकट्या नेदोला होता. दर महिन्याला, मोजून जितके धप्प तितक्यांच्या वेळा लिहून, मोरांदोला समजपत्र जाई, खाली नेदोची सही. येत्या फेब्रुवारीत तो निवृत्त होणार होता. त्याच्या यादीला त्याचं नाव द्यायचं ठरलं होतं. पितळी पाटीसुद्धा सांगितली होती.

सोळा ऑक्टोबरचा थेंब मोठा सुरेख होता. नेमकी त्या आठवड्यात पश्चिमेची पेटी दुरुस्तीला काढलेली. उंदराने तार खाल्ली होती. महासागरापलीकडच्या यंत्रालाही त्याच क्षणी काहीतरी पुसट ऐकू आलं होतं, पण नुसतं त्याच्यावर काही उभं राहण्यासारखं नव्हतं. जिनेव्रा लुपेत्ती नावाची मुलगी, वय एकतीस, डिसेंबरात नोकरीचा करार संपणारी, बैठकीत तासभर भांडली. हाच तो, म्हणाली. पाच वर्षं असल्या थेंबासाठी बसलेय. नेदोने मान वर न करता सांगितलं, "गुरुवार सकाळ, नऊ दहा. पुंतोनी." ती म्हणाली, "मग पलीकडच्या यंत्राला काय ऐकू आलं?" नेदो म्हणाला, "तिकडेही कोणीतरी पुंतोनी असेलच. पुंतोनी जगभर असतात." सगळे खो खो हसले. जिनेव्राही हसल्यासारखी झाली, मग तिने वही मिटली. थेंब यादीत गेला, अनुभवी कर्मचाऱ्याच्या मताने. आज दुपारी तीनच्या बैठकीत या हंगामाची यादी कुलूपबंद व्हायची होती. एकदा कुलूप पडलं की ती उघडायला तीन देशांच्या समित्या लागत, म्हणजे ती उघडत नसे.

गाडी चालवताना नेदोने स्वतःला समजावलं की यात घाबरण्यासारखं काहीच नाही. मोरांदो मेला म्हणून नांगर मरत नाही. मुलगा असेल, पुतण्या असेल, खंडाने जमीन घेतलेला कोणी असेल. सोळा तारखेला कोणीतरी ट्रॅक्टर चालवला असेल, बस, एवढं एक वाक्य हवं. उगम पुंतोनीच राहील, फार तर नावाआधी 'कै.' नाहीतर 'ज्युनियर' लावता येईल. तो नेहमीपेक्षा हळू चालवत होता. गाडीत कुठेतरी काहीतरी टकटक वाजत होतं आणि ते कशाचं हे त्याला ओळखता येत नव्हतं. एरवी असं झालं की तो गाडी थांबवून बॉनेट उघडत असे. बायको म्हणायची, तू प्रत्येक आवाजाला आधी ओळखपत्र मागतोस. तिला ठाऊक नव्हतं की ही विद्या त्याला कुठे मिळाली. काचेच्या कारखान्यात नेदोच्या बापाचे दोन्ही कान गेले होते, आणि बहिऱ्या माणसाचं पाऊल जड पडतं, कारण ते त्याला स्वतःला ऐकू येत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून सात वर्षांचा नेदो जिन्यावरची पावलं ऐकायचा. कोरडा बाप एका पायरीवर एक पाऊल टाकायचा. प्यालेला बाप एक टाकून थांबायचा, मग दुसरं ओढायचा. तसं ऐकू आलं की दाराला कडी घालायची आणि पलंगाखाली जायचं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. एका दुपारी तसं पाऊल आलं. धप्प, थांबणं, ओढणं. त्याने कडी घातली. दार वाजलं, तो हलला नाही. दार हळू हळू वाजत राहिलं आणि त्या हळूपणाचा त्याला आणखीच राग आला, म्हणजे आता हा लबाडी करतोय. बऱ्याच वेळाने जिन्यात शेजारणीचा आवाज आला, "अगं, अशी पायरीवर का बसलीस?" आईचा पाय बाजारात मुरगळला होता. ती तासभर दाराबाहेर बसून होती, मांडीवर कोबी. तिने त्याला मारलं नाही, रागावलीसुद्धा नाही. फक्त रात्रीचं जेवण वाढताना म्हणाली, "तुला माझं पाऊल ओळखू येईना होय रे." हे नेदोला गेल्या पन्नास वर्षांत आठवलं नव्हतं. आज आठवलं, आणि त्याबद्दल त्याला मोरांदोचा संताप आला. मेल्यावरही माणूस स्वस्थ बसत नाही.

फोसालुंगाच्या घराचं फाटक उघडंच होतं. आर्जा अंगणात खुर्ची टाकून शेंगा सोलत बसलेली. काळा पोशाख, पायांत नवऱ्याचे बूट. तिने नेदोला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग हातातली शेंग पुरी सोलली, दाणे भांड्यात टाकले, आणि म्हणाली :

"बघा. घरात मढंही झालं आणि दारात पिसाचा माणूसही आला. मोरांदोला दोन्हीतलं एक निवडायचं होतं बिचाऱ्याला."

"तुमच्या दुःखात मी..."

"नका. जीभ भाजेल. तुम्ही दुर्बीणवाले ना? जवळून बुटके दिसता."

नेदो उभाच राहिला. बस म्हणेल असं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. "एकच विचारायचं होतं, बाई. सोळा तारखेला, गुरुवारी सकाळी, इथे ट्रॅक्टर कोणी चालवला? तुमचा मुलगा?"

"मुलगा नाही आम्हाला."

"पुतण्या? गडी?"

"ट्रॅक्टर तिकडे आहे, जाऊन विचारा त्यालाच." तिने हनुवटीने दाखवलं. गोठ्याच्या वळचणीला ट्रॅक्टर होता. चाकांतली हवा गेलेली, आसनावर कोंबडी बसलेली, आणि बसण्याच्या ऐटीवरून ती तिथे पुष्कळ दिवसांची मालकीण दिसत होती. "दोन वर्षं झाली, सुरू झालेला नाही. त्यांचे गुडघे आणि ट्रॅक्टर एकदमच गेले."

"आणि नांगर?" नेदोने विचारलं. विचारायला नको होतं हे त्याला तोंडातून शब्द निघतानाच कळलं.

"नांगर तर केव्हाच विकला. माझ्या बहिणीच्या नातीचा बाप्तिस्मा झाला त्या वर्षी. ती आता नऊची आहे."

नेदो नळीकडे पाहू लागला. शेताच्या कडेने ती निळसर, लांबच लांब गेली होती, आणि तिच्यालगत सिमेंटचा तो ओटा. ओट्यावर कोंबड्यांचं खुराडं. जुनं, पावसाने काळं पडलेलं. दुर्बिणीतून त्याला ते दिसलं नसेल असं नव्हतं. दिसलं होतं. त्याने ते मोरांदोची चाल म्हणून सोडून दिलं होतं.

"पण मी त्यांना पाहिलंय," तो म्हणाला. "इथे, ओट्याजवळ. गुरुवारी. माझ्याकडे बघून हसताना."

"हसतीलच. तुम्ही त्या रस्त्याला दिसलात की हातातलं काम टाकून ते तिथे जाऊन उभे राहायचे. नुसते उभे. म्हणायचे, आर्जा, बघ, मी आता आवाज करतोय. आणि तुम्ही लगेच वहीत लिहायचात. मग महिन्याचं पत्र." ती उठली, घरात गेली. नेदोला वाटलं, निघून जावं. तो गेला नाही. ती एक पुठ्ठ्याचा खोका घेऊन आली, बुटांचा. "नऊ वर्षांची सगळी आहेत. त्याआधीची मी शेगडी पेटवायला वापरली, तेव्हा ते खरंच आपटत होते म्हणून. ह्यांना त्यांनी मला हात लावू दिला नाही. रविवारी जेवण झालं की वाचायचे, मोठ्याने. माननीय श्री. पुंतोनी, दिनांक अमुक, अमुक वाजून अमुक मिनिटं. म्हणायचे, मला आयुष्यात कोणी माननीय म्हटलं नाही, आणि हे विद्वान लोक मी काही न करता म्हणतात."

"त्यांनी एकदा तरी कळवायचं," नेदो म्हणाला. आवाज चढला होता त्याचा. "एक ओळ. एक फोन. नांगर विकला म्हणून!"

"का कळवायचं? तुम्ही त्यांना विचारलंत कधी? नांगर आहे का, असं?" तिने वरच्याच पाकिटातलं पत्र काढलं आणि त्याच्या हातात दिलं नाही, नुसतं समोर धरलं. "हे वीस तारखेचं. सोळाच्या आवाजाबद्दल. हे त्यांना वाचता आलं नाही, तेव्हा मी वाचलं. जेवण झाल्यावर. मोठ्याने." तिचा हात जराही हलत नव्हता. "सतरा दिवसांपूर्वी मेलेला माणूस, डॉक्टर. तुम्ही त्याला पुन्हा असं घडल्यास कारवाई करू म्हणून लिहिलंत."

खाली स्वतःची सही नेदोला लांबूनही ओळखू आली. ती नेहमीपेक्षा जरा ऐटदार होती. हंगामातलं शेवटचं पत्र म्हणून त्याने शेपटी लांबवली होती.

"मी दिलगिरी..."

"मला तोंडी नको. तोंडी दोष दिला असतात तर तोंडी घेतला असता. पत्र पाहिजे. त्याच कागदावर, वर शिक्का असतो त्या. माननीयसकट. हा आवाज तुमचा नव्हता, असं. रविवारी प्रार्थना आहे, त्याआधी." ती पुन्हा बसली आणि शेंगांचं भांडं मांडीवर घेतलं. "आणि जाताना फाटक लावून घ्या. उघडं होतं ते तुमच्यासाठी नव्हतं."

परत येताना तो नळीच्या कडेने चालवत आला. एकशे सेहेचाळीस. गाडी थांबवून त्याने वहीत मोजून पाहिलं नव्हतं, मोजायची गरज नव्हती; दर वर्षीचा आकडा तो स्वतःच अहवालात मिरवत असे, नुसती बेरीज करायची होती. नांगर विकल्यावरच्या नऊ वर्षांत एकशे सेहेचाळीस थेंबांवर त्याने मोरांदोचं नाव घातलं होतं. त्यातले बहुतेक रद्दीच असणार, कुठला तरी पंप, कुठला तरी ढिला खिळा. पण कुठले बहुतेक? त्यात एखादी हाक असेल. दोन असतील. अब्ज वर्षं चालत आलेलं काहीतरी दाराशी येऊन हळू हळू वाजवत बसलं असेल, आणि तो आत कडी घालून. त्याने काच खाली केली. बाहेर शेतं होती, खतांचा वास, कुठे तरी कुत्रं. हे सगळे आवाज कोणाचे होते ते त्याला माहीत होतं, म्हणजे माहीत आहे असं त्याला कालपर्यंत वाटत होतं. गप्प बसलं तर काय होईल? काहीच नाही. तीन वाजता यादीला कुलूप लागेल. फेब्रुवारीत पाटी. आर्जाचा खोका पलंगाखाली जाईल. मोरांदो जमिनीखाली आहे, जिनेव्रा डिसेंबरात जाईल. या प्रकरणातले सगळे साक्षीदार एकतर मेलेले किंवा जाणारे. असलं स्वच्छ प्रकरण आयुष्यात क्वचितच मिळतं. आणि गप्प बसायचं नाही, तर का? सत्यासाठी? नेदोला सत्याबद्दल विशेष प्रेम कधीच नव्हतं. त्याला प्रेम होतं ते बरोबर असण्याचं. गेली नऊ वर्षं मोरांदो त्या ओट्याजवळ नुसता उभा राहून, हात न हलवता, त्याला दर गुरुवारी चुकवत होता आणि रविवारी त्याचा निकाल मोठ्याने वाचत होता. आता यादीला कुलूप लागलं तर तो विजय पक्का होणार होता. तीन देशांच्या समित्यांच्या शिक्क्यासह. हा विचार आला तेव्हा नेदोने गाडीचा वेग वाढवला.

बैठकीला बारा जण होते. अध्यक्ष हा एक मृदू माणूस होता, कोणाशीही वाद होऊ नये एवढ्याच गुणावर तो त्या खुर्चीपर्यंत पोचला होता. त्याने यादीचे क्रमांक वाचायला घेतले. सोळा ऑक्टोबर आला, गेला, आणि सतरावर तो पोचला तेव्हा नेदो म्हणाला, "थांबा. सोळाचं माझं मत मी मागे घेतो."

अध्यक्षाने चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे ते पुंतोनीचं नाही?"

"नाही."

"मग कोणाचं?" हे जिनेव्राने विचारलं. तिने वही उघडलेली नव्हती.

नेदोने उत्तर शोधलं. त्याला सवय होती, प्रश्न आला की कुठून तरी नाव वर यायचंच. आत खोलवर काहीतरी हललं, पण नाव आलं नाही. "माहीत नाही," तो म्हणाला. खोलीतल्या कोणीही हे शब्द त्याच्या तोंडून ऐकले नव्हते, आणि दोघा-तिघांना वाटलं त्याला बरं वाटत नाही.

"खात्री कशी झाली, नेदो?" अध्यक्षाने हळूच विचारलं.

"त्या दिवशी पुंतोनीला मरून तेरा दिवस झाले होते."

कोणीतरी हसलं, मग आपण एकटेच हसतोय हे पाहून थांबलं. जिनेव्रा हसली नाही. तिच्या चेहऱ्यावर आनंद येईल असं नेदोला वाटलं होतं, आणि तो सहन करायची तयारीही त्याने केली होती. आनंद आला नाही. ती त्याच्याकडे तशीच बघत होती, जसा तो आलेखाकडे बघतो.

"आणि त्याआधी?" ती म्हणाली. "त्याआधी तो जिवंत असतानाचे?"

ती हे विचारणार हे त्याला फाटक लावतानाच ठाऊक होतं. "नांगर नऊ वर्षांपूर्वी विकलेला आहे."

"किती?"

"एकशे सेहेचाळीस."

"मी पाच वर्षं इथे आहे," जिनेव्रा म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, दुकानात भाव विचारावा तसा. "पाच वर्षं मी तुम्हाला विचारत होते. प्रत्येक वेळी तुम्ही मान वर न करता नाव सांगायचात. आणि मी घरी जाऊन माझंच गणित तपासायचे. रात्र रात्र. माझंच. तुम्ही एकदा तरी त्याच्या दारात जाऊन विचारायचं होतं, नेदो. फोसालुंगा इथून चार किलोमीटरवर आहे."

"आज गेलो होतो."

"हो. तो मेल्यावर."

यादीला कुलूप लागलं नाही. अध्यक्षाने कपाळ चोळत बैठक पुढे ढकलली, सगळे खुर्च्या सरकवत उठले, आणि त्या खुर्च्यांचे आवाज नेदोने ऐकले, एकेक, कोणाची कुठली ते न ठरवता. सोळाचा थेंब 'उमेदवार' या पानावर गेला, जिनेव्राच्या नावासमोर. तो खरा निघेल की खोटा हे कळायला महिने लागणार होते. जाताना ती त्याच्या टेबलापाशी थांबली आणि तिने फक्त एकशे सेहेचाळीसची यादी मागितली. त्याने दिली. तिने आभार मानले नाहीत, आणि ते त्याला बरं वाटलं.

मग त्याने शिक्क्याचा कागद काढला. माननीय श्री. पुंतोनी, असं लिहिलं. पुढे हात अडला. 'उगम' या रकान्यात एक शब्द लिहायची सवय, सबंध वाक्यं त्याला जड जात. तरी त्याने लिहिलं : सोळा ऑक्टोबर, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नोंदवलेला आवाज आपला नव्हता. तसेच गेल्या नऊ वर्षांत आपल्या नावे नोंदवलेले एकशे सेहेचाळीस आवाज आपले नव्हते. ते कोणाचे होते हे आम्हाला माहीत नाही. त्याबद्दल आपणास पाठवलेली सर्व समजपत्रे मागे घेत आहोत. खाली सही केली, शेपटी न लांबवता. पत्र इथे पुरं झालं होतं. रविवारी ते देवळात किंवा जेवणानंतर, मोठ्याने वाचलं जाणार होतं, हे त्याला दिसत होतं. आर्जाचा तो न हलणारा हातही दिसत होता. त्याने पाकिटात घालण्यासाठी कागदाची घडी केली. मग घडी उलगडली आणि सहीखाली आणखी एक ओळ लिहिली : त्याआधीच्या दहा वर्षांतले सर्व आवाज मात्र आपलेच आहेत, आणि ते कायम ठेवण्यात येत आहेत. ही ओळ त्याने खोडली. नव्या कागदावर पत्र उतरवून काढलं, ओळ पुन्हा आली, पुन्हा खोडली. तिसऱ्या कागदावर त्याने ती राहू दिली.